कोड : रोग एक, नाव दुसऱ्याचे

मराठीत ‘कोड’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक कोडकौतुकातला, म्हणजे लाडाचा. दुसरा अंगावरच्या पांढऱ्या डागांचा. पहिला मोठ्याने बोलतात, दुसरा माजघरात, दबक्या आवाजात. मुलीला कोड आहे असे कळले की जुळत आलेले लग्न मोडते. तिचेच नव्हे, कधी कधी तिच्या धाकट्या बहिणीचेही! हे आमच्या दोंडाईच्यात होते आणि पुण्या-मुंबईतही होते. ज्या रोगाने जीव जात नाही, जो सहसा दुखत नाही आणि जो दुसऱ्याला लागत तर नाहीच नाही, त्याची एवढी धास्ती का? मला वाटते, याचे बरेचसे उत्तर इतिहासात, आणि त्यातही त्याच्या नावात आहे.

‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’वरून आला. कोणी जरा शुद्ध बोलायला जातो आणि ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतो. इकडे महारोगालाही आपण कुष्ठरोग म्हणतो. म्हणजे दोन वेगळ्या रोगांना आडनाव एकच! मग एकाची भीती दुसऱ्याला चिकटली तर नवल काय?

गंमत म्हणजे आपल्या पूर्वजांना यातला फरक दिसला होता. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातली तेविसावी आणि चोविसावी सूक्ते ‘किलास’ म्हणजे पांढऱ्या डागांवरची आहेत. त्यांत एका काळ्या वनस्पतीला विनवले आहे की, तुझा रंग या कातडीला दे. पुढे सुश्रुताने किलास हा कुष्ठाचाच एक प्रकार मानला खरा, पण लगेच फरकही सांगितला : किलास फक्त त्वचेपुरता असतो आणि त्यातून स्राव होत नाही. डोळ्यांनी पाहून केलेले किती नेमके निरीक्षण!

चरकसंहितेत मात्र दुसराच धागा सापडतो. कुष्ठचिकित्सेच्या अध्यायात किलासाची कारणे दिली आहेत : खोटे बोलणे, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पापकर्म, पूर्वजन्मीचे कर्म, आणि विरुद्ध अन्न. सात कारणांपैकी सहा नीतीची, एक ताटातले! आजही कोड असलेल्या माणसाला आधी विचारतात, ‘दुधाबरोबर मासे खाल्ले होते का?’ आणि तो गेल्यावर म्हणतात, ‘मागच्या जन्मीचे असेल काही.’ ग्रंथ कोणी उघडलेला नसतो, पण त्यातले वाक्य घराघरात पोचलेले असते. रोग्याच्या वाट्याला डागाबरोबर गुन्हाही येतो तो इथून.

पण त्याच अध्यायातला उपचार पाहा. उंबराच्या जातीतल्या काकोदुंबराचा रस गुळाबरोबर प्यावा आणि सोसेल तेवढे उन्हात बसावे. बावचीच्या बियांचा उपयोगही आयुर्वेदात जुनाच. औषध आणि ऊन ही जोडी आपल्या वैद्यांनी अशी फार पूर्वी जमवली होती. तिकडे इजिप्तमध्येही नाईलकाठच्या एका रानवनस्पतीच्या बिया खाऊन उन्हात बसत. तेराव्या शतकातल्या इब्न अल बैतार या वनस्पतीतज्ज्ञाने हे लिहून ठेवले आहे. १९४८ साली कैरोच्या डॉ. अल मोफ्ती यांनी त्या वनस्पतीतून काढलेले शुद्ध द्रव्य वापरून उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. ते द्रव्य सोरालेन गटातले. आपल्या बावचीतही सोरालेन आहेच! मात्र जपून बरं का. सोरालेन लावून आमच्या खानदेशातल्या उन्हात बसले तर कातडी भाजून फोड येतात. म्हणून हे प्रयोग घरी करू नयेत.

आता नावाच्या घोळाकडे वळू. हा घोळ एकट्या भारतात झाला असेही नाही. बायबलच्या जुन्या करारात त्वचेवरच्या पांढऱ्या डागांचे वर्णन आहे. त्यासाठीच्या हिब्रू शब्दाचे भाषांतर पुढे ‘महारोग’ असे झाले, आणि वस्तीबाहेर काढण्याचा नियम शतकानुशतके त्या शब्दाला जोडला गेला. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने महारोगाचा जंतू शोधला. कोडात असा कुठलाच जंतू नाही. दोन रोगांचा खटला खरे तर तिथेच निकाली निघायला हवा होता. नाव तेच राहिले, म्हणून भीतीही राहिली.

मग कोड होते तरी कशाने? आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराचीच संरक्षक यंत्रणा चुकून त्यांना शत्रू समजते आणि मारते. काही घराण्यांत तसा कल असतो, काहींना जोडीला थायरॉइडचा त्रास असतो. जगात शंभरात सुमारे अर्धा ते एक माणूस असा आहे. त्यात पापाचा, दुधाचा किंवा माशांचा संबंध नाही. रसायनांचा मात्र कधी कधी असतो. १९३९ मध्ये अमेरिकेत एका चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर रबरी हातमोज्यांतल्या रसायनाने पांढरे डाग उठले होते. आपल्याकडे टिकलीच्या गोंदाने कपाळावर असा डाग पडल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

आणि प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कोड नव्हे, हे आम्हा शिक्षकांना तरी ठाऊक असावे. वर्गातल्या पोरांच्या गालांवर फिकट, कोरडे चट्टे दिसतात. लोक म्हणतात जंत झाले. बहुधा ती नुसती कोरडी त्वचा असते आणि कालांतराने जाते. छाती-पाठीवरची शिबे ही बुरशीची, मलमाने बरी होणारी. फिकट डागाला स्पर्श कळत नसेल तर मात्र सरकारी दवाखाना गाठावा. तो महारोग असू शकतो. त्याची औषधे तिथे फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

नाव लपवायला लागले की लबाडांचे फावते. भिंतींवर, पेपरात ‘सफेद डाग पर शर्तिया इलाज’ आपण सर्वांनी वाचले आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने कोडावरच्या औषधाच्या अशा जाहिरातींना मनाई केली. जाहिराती थांबल्या नाहीत, कारण गुपचूप गिऱ्हाईक थांबले नाही. खरे उपचार असे छातीठोक बोलत नाहीत. अतिनील किरणांच्या ठराविक पट्ट्याचा उपचार १९९७ पासून पुढे आला. डाग वाढायचे थांबले असतील तर त्वचारोपण करतात. २०२२ मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिब या मलमाला मान्यता मिळाली. काहींना चांगला गुण येतो, काहींना थोडा, आणि आलेला रंग कधी परत जातोही.

म्हणूनच मला पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांचे काम मोलाचे वाटते. त्या स्वतः डॉक्टर, स्वतःला कोड, आणि त्यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभी करून कोड असलेल्यांना एकत्र आणले. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट केला. त्यात देविका दफ्तरदार यांनी कोड असलेल्या डॉक्टर तरुणीची भूमिका केली. मराठी पडद्यावर या डागांकडे सरळ पाहायला शिकवणारा तो चित्रपट. मिळाला तर घरच्यांबरोबर जरूर पाहा.

कातडीचे डाग जातील न जातील, ते डॉक्टर पाहतील. शब्दाचा डाग पुसणे मात्र आपल्या हाती आहे. ‘श्वेतकुष्ठ’ म्हणणे सोडावे, ‘पांढरे डाग’ म्हणावे. आणि स्थळ पाहायला गेल्यावर मुलीच्या हातावरचा डाग दिसला, तर तिला तिचे शिक्षण, तिच्या आवडीनिवडी विचाराव्यात, जशा इतर कुठल्याही मुलीला विचारतो तशाच. असो.