हिंगोलीतल्या ‘लायगो’मागचं लिनक्स: कर्नलच्या आत काय चाललंय हे कसं बघतात, आणि दिसलेलं खरं कशावरून?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ ला तिला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम हिरवा कंदील दाखवला. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, लेसर आणि टांगलेले आरसे यांबद्दल तुम्ही बरंच वाचलं असेल. पण ते आरसे जागेवर धरून ठेवणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हे कॉम्प्युटर चुकले तर कळणार कसं? आणि चूक शोधणारं साधनच चुकीचं सांगत असेल तर?

लायगोचा आणि लिनक्सचा काय संबंध?

गुरुत्वीय लहर आली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागापेक्षा कमी बदलतं. एवढा सूक्ष्म बदल टिपायचा तर आरसे सतत सावरून धरावे लागतात. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये हे काम लिनक्सवर चालणारी नियंत्रण प्रणाली करते. तिचे प्रोग्राम साध्या अॅपसारखे चालत नाहीत. ते थेट लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मॉड्यूल म्हणून चालतात आणि प्रत्येकाला प्रोसेसरचा एक स्वतंत्र कोअर दिलेला असतो. यातले बरेच प्रोग्राम सेकंदाला १६,३८४ फेऱ्या पूर्ण करतात. म्हणजे एका फेरीला मिळतात फक्त ६१ मायक्रोसेकंद. हिंगोलीतला डिटेक्टरही अमेरिकेतल्या डिटेक्टरच्याच आराखड्यावर बेतलेला आहे.

कर्नल ट्रेसिंग म्हणजे काय?

साध्या प्रोग्राममध्ये गडबड झाली तर तो थांबवून आत डोकावता येतं. कर्नल मात्र थांबवता येत नाही, कारण तो थांबला की अख्खं मशीन थांबतं. म्हणून चालू कर्नलमध्येच छोटे पहारेकरी बसवतात. त्यांना प्रोब म्हणतात.

लिनक्समधली केप्रोब्ज ही यंत्रणा यासाठीच आहे आणि तिच्यात भारताचा मोठा वाटा आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये तिची पहिली बांधणी आयबीएम इंडियाचे वम्सी कृष्णा यांनी केल्याची नोंद कर्नलच्या मूळ कोडमध्येच आहे. २००४ साली लिनक्स २.६.९ सोबत ती मुख्य कर्नलमध्ये आली.

मूळ पद्धत अशी. ज्या फंक्शनवर नजर ठेवायची त्याच्या तोंडाशी असलेल्या सूचनेच्या जागी ‘इथे थांब’ अशी सूचना ठेवली जाते. प्रोसेसर तिथे पोचला की थबकतो. त्या क्षणी त्याच्या हातात काय काय होतं ते नोंदवलं जातं, मग मूळ सूचना पार पाडून काम पुढे सुरू होतं.

प्रोसेसरच्या हातात काय असतं?

फंक्शनला काम सांगताना माहितीही द्यावी लागते: कोणती फाइल, किती बाइट, कुठे लिहायचं. या माहितीला आर्ग्युमेंट म्हणतात. ती ठेवली जाते रजिस्टरमध्ये. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतले मोजकेच, पण अतिशय वेगवान कप्पे.

कोणती माहिती कोणत्या कप्प्यात ठेवायची हे आधीच ठरलेलं असतं, पण प्रत्येक प्रोसेसर घराण्याची रीत वेगळी आहे.

- इंटेल आणि एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरवर लिनक्समध्ये पहिलं आर्ग्युमेंट ‘डीआय’ कप्प्यात असतं, दुसरं ‘एसआय’मध्ये, तिसरं ‘डीएक्स’मध्ये.
- इंटेलच्याच जुन्या ३२-बिट कर्नलमध्ये पहिलं आर्ग्युमेंट ‘एएक्स’मध्ये असतं.
- ६४-बिट एआरएम प्रोसेसरवर ते ‘एक्स-०’मध्ये असतं. आजचे बहुतेक अँड्रॉइड फोन याच घराण्यातले.
- आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर ते ‘आर-३’मध्ये असतं.

चुकीचा कप्पा वाचला तर?

खरी अडचण इथे आहे. चुकीचा कप्पा वाचला तरी साधन ‘चूक झाली’ असं म्हणत नाही, कारण त्या कप्प्यातही कुठला तरी आकडा असतोच.

तलाठी कार्यालयात चुकीचा गट नंबर सांगून सातबारा काढला तर काय होतं? उतारा खरा असतो, त्यावरचं क्षेत्रही खरं असतं, फक्त जमीन दुसऱ्याची असते. ट्रेसिंगमध्येही तसंच. आकडा खरा असतो, पण तुम्ही विचारलेल्या गोष्टीचा नसतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून इंजिनिअर भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

मग साधनाचीच परीक्षा कशी घेतात?

उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारून. लिनक्स कर्नलच्या कोडसोबतच चाचण्यांचा एक संच येतो. त्यातली एक चाचणी खास यासाठी आहे आणि तिची युक्ती मजेशीर आहे.

१. कर्नलमध्ये ट्रेसिंगसाठी फोल्डर तयार करणारं एक फंक्शन आहे. नव्या फोल्डरचं नाव हे त्याचं पहिलं आर्ग्युमेंट. चाचणी या फंक्शनवर प्रोब लावते.

२. मशीन कोणत्या घराण्याचं आहे हे चाचणी आधी तपासते आणि त्यानुसार डीआय, एएक्स, एक्स-० किंवा आर-३ यांपैकी योग्य कप्पा निवडते.

३. मग ‘टेस्ट’ नावाचा दुसरा प्रोब तयार करते. त्यासाठी कर्नलला त्याच नावाचं फोल्डर बनवावं लागतं, म्हणजेच नजर ठेवलेलं फंक्शन चालतं.

४. शेवटी नोंदवही उघडून बघते. पहिल्या आर्ग्युमेंटसमोर ‘टेस्ट’ हाच शब्द आला तर पास, नाहीतर नापास.

यात एक बारकावा आहे. कप्प्यात शब्द नसतो, शब्द मेमरीत जिथे ठेवलाय तिथला पत्ता असतो. त्यामुळे साधनाने आधी कप्पा वाचायचा, मग त्या पत्त्यावर जाऊन अक्षरं वाचायची. एकाच चाचणीत दोन्ही पायऱ्या तपासून होतात.

संचातली आणखी एक चाचणी उलट दिशेने जाते. ती एआरएम मशीनवर मुद्दाम इंटेलचा कप्पा मागते. तिथे साधनाने साफ नकार द्यायला हवा. गपचूप काहीतरी वाचून दिलं तर चाचणी नापास.

अजून कुठे फसगत होते?

*जागा:* आर्ग्युमेंट ठरलेल्या कप्प्यात असण्याची हमी फंक्शनच्या सुरुवातीलाच असते. दोन-चार सूचनांनंतर तोच कप्पा दुसऱ्या कामाला वापरला जाऊ शकतो. फंक्शनच्या मध्यावर प्रोब लावून पहिलं आर्ग्युमेंट वाचायला गेलात तर भलतंच हाती लागेल.

*आकड्याचा प्रकार:* कर्नलमध्ये उणे २२ या आकड्याचा अर्थ ‘दिलेली माहिती चुकीची’ असा असतो. पण ३२ बिटचा हाच आकडा चिन्हाविना वाचला तर दिसतो ४,२९,४९,६७,२७४. कप्पा बरोबर, वाचन चूक.

*कंपायलर:* कोड वेगवान व्हावा म्हणून कंपायलर काही फंक्शन दुसऱ्यात मिसळून टाकतो, तर कधी न लागणारं आर्ग्युमेंटच काढून टाकतो. मग मूळ कोडमध्ये दिसणारं दुसरं आर्ग्युमेंट प्रत्यक्षात पहिल्या कप्प्यात सापडू शकतं.

कप्प्यांची नावं पाठ करायची कटकट कमी व्हावी म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.२० पासून ‘पहिलं आर्ग्युमेंट दे’ असं थेट सांगण्याची सोय झाली. कोणता कप्पा बघायचा हे कर्नल स्वतः ठरवतो. मात्र हे उत्तरही अंदाजावरच असतं, म्हणून चाचणीची गरज संपत नाही.

लायगोसारख्या ठिकाणी काय काळजी लागते?

प्रोब फुकट नसतो. प्रत्येक फेरीत चालणाऱ्या फंक्शनवर तो लावला, तर प्रोसेसर सेकंदाला १६,३८४ वेळा थबकणार आणि दर वेळी ६१ मायक्रोसेकंदांतला थोडा वेळ खर्ची पडणार. उशीर शोधायला बसवलेला पहारेकरीच उशिराचं कारण होऊ शकतो. अशा प्रणालीत प्रोब मोजकेच, थोड्याच वेळासाठी आणि आधी बाजूच्या चाचणी मशीनवर वापरून बघितलेले असावेत.

आणि कर्नल किंवा प्रोसेसर बदलला की चाचण्यांचा संच पुन्हा चालवायचा. काल बरोबर वाचणारं साधन आज नव्या मशीनवरही बरोबर वाचेल, हे गृहीत धरता येत नाही.