वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प

वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प हा कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली हाती घेण्यात आलेला संगणकीकरणाचा प्रकल्प होय. भारतातील ग्रामीण माहिती-केंद्रांच्या आरंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते. शेतीशी निगडित सहकारी व्यवसायात नवे तंत्रज्ञान कोठे रुजते आणि कोठे रुजत नाही, याचे उदाहरण म्हणून तो अभ्यासला जातो.

पार्श्वभूमी

वारणानगर (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) येथील सहकारी समूहाची उभारणी तात्यासाहेब कोरे यांनी केली. १९५०च्या दशकात स्थापन झालेल्या साखर कारखान्याभोवती पुढे दूध संघ, वारणा बाजार हे ग्राहक भांडार आणि शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. गावे, सभासद आणि संस्था यांचे असे घट्ट जाळे आधीच अस्तित्वात असल्यामुळे प्रयोगासाठी हा परिसर निवडण्यात आला. १९९८मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय कृतिदलाच्या शिफारशींत त्याचा समावेश होता. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी ५० टक्के केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलावा, असे ठरले. तांत्रिक उभारणीत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा सहभाग होता.

ऊस व्यवहारातील वेळेचे महत्त्व

उसाच्या लागवडीचे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे प्रकार आहेत. लागणीची तारीख, जात व क्षेत्र यांची कारखान्याकडे नोंद होते आणि तीवरून तोडणीचा क्रम ठरतो. तोड लांबली तर उभ्या उसाला तुरा येऊन उतारा घटतो. तोडलेला ऊस वेळेत गाळपास गेला नाही, तर वजन व साखर दोन्ही कमी होतात. त्यामुळे तोडणीची चिठ्ठी कधी मिळणार आणि वजनकाट्यावर किती टन भरले, हे दोन प्रश्न शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी जोडलेले असतात. संगणकापूर्वी ही माहिती कागदोपत्री फिरत असे. तिला गावापर्यंत पोहोचण्यास विलंब होई आणि चौकशीसाठी शेतकऱ्यास कारखान्यावर खेपा घालाव्या लागत.

स्वरूप

प्रकल्पात पन्नासहून अधिक गावांत संगणक केंद्रे उघडण्यात आली व ती दूरध्वनी जोडणीद्वारे कारखान्याच्या मुख्य संगणकाशी जोडण्यात आली. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, उसाचे वजन आणि खतांचा हिशेब या बाबी गावातच पाहता येऊ लागल्या. संगणक शेतकरी स्वतः हाताळत नसत. केंद्रावरील चालक माहिती पाहून त्यांना सांगत असे.

याखेरीज पीकसल्ला, बाजारभाव, शासकीय योजना व जमिनीच्या नोंदी स्थानिक भाषेत उपलब्ध करून देण्याचे आणि गावे इंटरनेटशी जोडण्याचेही उद्दिष्ट होते.

अनुभव आणि मर्यादा

कालांतराने केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने ऊस व्यवहारापुरता उरला. इंटरनेट आणि विस्तृत माहितीसेवेची उद्दिष्टे बव्हंशी साध्य झाली नाहीत. या दोन भागांतील फरक लक्षणीय आहे. वजनाची व तोडणीची नोंद कारखान्याला रोजच्या कामासाठी करावीच लागे, म्हणून ती आपोआप ताजी राहत असे. बाजारभाव किंवा पीकसल्ल्याचे तसे नव्हते. अशी माहिती कोणीतरी नेमाने मिळवून, तपासून व भाषांतरित करून भरावी लागते आणि त्या श्रमाची तरतूद एकवेळच्या भांडवली खर्चातून होत नाही. व्यवसायाचे संकेतस्थळ चालविणाऱ्या कोणत्याही संस्थेला हा भेद लागू पडतो.

संगणक जुने होत गेले, तशी त्यांची देखभालही खर्चिक ठरू लागली.

मोबाइलचा प्रयोग

२००६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. त्यात सात गावांत सुमारे आठ महिने केंद्रावरील संगणकाऐवजी साधा मोबाइल संच वापरण्यात आला. शेतकऱ्याने लघुसंदेश पाठविल्यावर कारखान्यातील संगणक त्याच्या उसाचे वजन, खत किंवा तोडणीविषयीची माहिती उलट संदेशाने कळवीत असे. ही पद्धत कमी खर्चाची व सोयीची असल्याचे आढळले. घरबसल्या किंवा शेतातून विचारणा करता आल्याने केंद्राच्या वेळेचे बंधन राहिले नाही.

पुढील घडामोडी

ऊस नोंदणीचा प्रश्न पुढे मराठवाड्यात ठळकपणे समोर आला. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री परिसर गोदाखोऱ्यात असून जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे या पट्ट्यात ऊस वाढला आहे. २०२१-२२च्या हंगामात जालना, बीड आदी जिल्ह्यांत उन्हाळा सरत आला तरी बराच ऊस शेतात उभा राहिला होता. २०२२ सालीच साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाइल ॲप सुरू केले. त्याद्वारे शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद स्वतः कारखान्याकडे करता येते. वारणेत चालकामार्फत होणारा व्यवहार अशा रीतीने शेतकऱ्याच्या हाती आला. मात्र नोंद झाली म्हणजे ऊस तुटला, असे नव्हे. तोडणी मजूर, वाहने आणि कारखान्याची गाळपक्षमता पुरेशी असेल, तरच नोंदीच्या क्रमाला अर्थ राहतो.