विजयी सम्राटाचा पराभव : पणशीकरांचा औरंगजेब

ऐतिहासिक नाट्यकृतीतील प्रतिनायकाला शासन कोण करतो, हा प्रश्न नायककेंद्री समीक्षेत सहसा मागे पडतो. 'ग्लॅडिएटर' (२०००) या चित्रपटात तो सहज सुटतो. वाकीन फीनिक्सने साकारलेला रोमन सम्राट कॉमोडस नायकाच्या हातून आखाड्यात मरतो. इतिहासातील कॉमोडसचा गळा मात्र इ.स. १९२ मध्ये नार्सिसस नावाच्या मल्लाने आवळला होता. प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीचे समाधान व्हावे म्हणून येथे इतिहासाला मुरड घातली गेली.

वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' (१९६८) या नाटकाला ही मोकळीक नव्हती. संभाजीराजे फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर औरंगजेब अठरा वर्षे जगला, हे मराठी प्रेक्षक जाणतो. सम्राटाला रंगमंचावर मारता येत नाही. त्याचा पराभव त्याच्या अंतरंगातच घडवावा लागतो. ही जबाबदारी संहितेइतकीच नटावरही येते. प्रभाकर पणशीकरांच्या औरंगजेबाचे महत्त्व या संदर्भात पाहावयास हवे.

काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीसमोर उभा असलेला हा सम्राट सत्तरी उलटलेला आहे. पणशीकर तेव्हा चाळिशीही गाठलेले नव्हते. 'तो मी नव्हेच' (१९६२) मधील त्यांचा लखोबा वेषांमागून वेष पालटतो. औरंगजेबाचा वेष एकच. पण त्याच्या आत विजेता, धर्मनिष्ठ वृद्ध आणि दुखावलेला पिता एकत्र नांदतात. बंडखोर शहजादा अकबराला ज्याने आश्रय दिला तोच आता कैदी आहे. त्यामुळे सूड आणि राजनीती यांतील सीमारेषा पुसट होते. केवळ क्रौर्य रंगवणाऱ्या नटाच्या हाती ही भूमिका सपाट झाली असती, आणि सम्राट खुजा ठरला असता तर नायकाचे धैर्यही उणावले असते.

नाटकाचे शीर्षक मृत्यूला ओशाळलेला म्हणते. मृत्यूची आज्ञा देणारा त्यातून सुटत नाही. भूमिका १६८९ मधली असली, तरी प्रेक्षक १७०७ जाणतो. उत्तरेस कधीही न परतता अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) संपलेले आयुष्य आणि खुलताबादची साधी कबर त्याला ठाऊक असते. विजयाच्या क्षणीच या भावी विफलतेची चाहूल देणे, हे या भूमिकेचे खरे आव्हान होय.