सरळ रेष आणि उतावळे अनुमान

पातळ फिल्म किंवा थरांचा स्फटिक चुंबकीय क्षेत्रात ठेवला आणि त्याचा विद्युतरोध क्षेत्राच्या समप्रमाणात वाढत गेला, की निष्कर्ष तयारच असतो: ही डिराक इलेक्ट्रॉनांची करामत, म्हणजेच क्वांटम परिणाम. आलेखावरची सरळ रेष हाच जणू पुरावा!

पूर्वपक्ष दुबळा नाही. साध्या धातूत रोध आधी क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पुढे बहुधा स्थिरावतो. 1997 साली सिल्व्हर सेलेनाइड आणि टेल्युराइडमध्ये मात्र तो खोलीच्या तापमानालाही 5.5 टेस्लापर्यंत सरळ चढताना आढळला. पुढच्याच वर्षी अब्रिकोसोव्ह यांनी उपपत्ती मांडली: सारे इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या लँडाऊ पातळीत गोळा झाले (हीच क्वांटम मर्यादा; डिराक इलेक्ट्रॉन ती तुलनेने सहज गाठतात), की रोध क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो.

ही उपपत्ती मला मान्य आहे; तिच्यावरून काढलेले उलटे अनुमान मान्य नाही. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर नव्हे. नैयायिक इथे तापलेला लोखंडी गोळा दाखवतात: अग्नी आहे, धूर नाही.

इथलाही गोळा सापडलेला आहे. नमुना एकजिनसी नसेल तर प्रवाह वेडावाकडा वाहतो आणि क्षेत्राच्या प्रमाणात वाढणारे हॉल व्होल्टेज मोजलेल्या रोधात मिसळते. पॅरिश आणि लिटलवूड यांनी 2003 मध्ये रोधकांच्या जाळ्याचे प्रतिमान घेऊन हे दाखवले. (लिटलवूड 1997 च्या निबंधाचेही सहलेखक, हे विशेष.) कणसीमा, कमीजास्त जाडी, असमान घटकप्रमाण हे तर पातळ फिल्मचे नित्याचेच दोष. पुढे 2016 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशुद्ध क्वांटम विहिरीतही 33 टेस्लापर्यंत सरळ वाढ नोंदली गेली. तिथे डिराक इलेक्ट्रॉन नाहीतच. इलेक्ट्रॉनांच्या घनतेतला किरकोळ चढउतार पुरेसा ठरला.

मग निवाडा कसा करायचा? हॉल मापनातून घनता काढून क्वांटम मर्यादा खरोखर गाठली का, ते आधी पाहावे. तापमान बदलताना रेषेचा उतार गतिशीलतेच्या मागोमाग बदलत असेल, तर संशय अभिजात कारणावरच घ्यावा. नमुन्याच्या दोन्ही कडांवर, क्षेत्राची दिशा उलटवूनही, रोध मोजावा. आकडे जुळले नाहीत तर घनता असमान आहे हे उघड होते. एवढे केल्याशिवाय निबंधाच्या शीर्षकात ‘क्वांटम’ हा शब्द घालू नये.