संकलित मंडलांचा अभिकल्प, परीक्षण व शक्तिव्यय

ट्रँझिस्टर, रोधक, धारित्र इ. घटक आणि त्यांना जोडणारे संवाहक मार्ग सिलिकनाच्या एकाच लहान तुकड्यावर घडवून तयार केलेल्या इलेक्ट्रॉनीय मंडलास संकलित मंडल किंवा रूढ भाषेत चिप असे म्हणतात. सुट्या घटकांच्या मंडलातील एखादा रोधक बिघडल्यास तो काढून दुसरा बसविता येतो. चिपच्या बाबतीत अशी दुरुस्ती बहुधा अशक्य असते. म्हणून अभिकल्पातील (आराखड्यातील) चुका चिप घडविण्यापूर्वीच शोधणे, घडविल्यावर सदोष नग वेगळे काढणे आणि वापरात असताना तिच्यात निर्माण होणारी उष्णता मर्यादेत ठेवणे या तीन गोष्टींसाठी स्वतंत्र तंत्रे विकसित करावी लागली.

पहिले संकलित मंडल जॅक किल्बी यांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत सप्टेंबर १९५८ मध्ये जर्मेनियमाच्या तुकड्यावर तयार केले. रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये सिलिकनावर आधारलेली, उत्पादनास अधिक सोयीची रचना मांडली. सुरुवातीस अभिकल्प हे आरेखकाचे हस्तकौशल्यच होते. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रँझिस्टर होते. त्याच्या निरनिराळ्या थरांच्या मोठ्या आकृत्या लाल पटलावर चाकूने कापून, छायाचित्रणाने लहान करून त्यांपासून मास्क बनविण्यात आले. आकृत्यांची तपासणी डोळ्यांनीच करीत. ही पद्धत हजारो घटकांपर्यंत कशीबशी पुरली. लाखोंसाठी ती पुरणे शक्य नव्हते.

१९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नेगल व डोनाल्ड पेडरसन यांनी ‘स्पाइस’ ही आज्ञावली पुढे आणली. मंडलातील प्रत्येक बिंदूचा विद्युत् दाब व प्रवाह कसा बदलेल, याचे गणित संगणकाने आधीच करून देणे हे तिचे कार्य होय. विद्यापीठाने ती मुक्तहस्ते वाटल्यामुळे तिचा जगभर प्रसार झाला. कार्व्हर मीड व लिन कॉनवे यांच्या १९८० मधील ग्रंथाने मांडणीचे नियम सोप्या भूमितीय प्रमाणांत बसविले. त्यामुळे अभिकल्पकाने कारखान्याच्या आतील प्रक्रियेत न शिरताही चिप आखता येऊ लागली. त्याच दशकात व्हेरिलॉग व व्हीएचडीएल या वर्णनभाषा प्रचारात आल्या. मंडल रेखाटण्याऐवजी त्याचे कार्य भाषेत लिहावयाचे आणि मंडल संगणकाकडून तयार करून घ्यावयाचे, ही रीत यांतून रूढ झाली.

परीक्षणाचा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारे मंडल सर्व शक्य आदाने देऊन तपासावयाचे ठरविल्यास, सेकंदाला १०० कोटी तपासण्या केल्या तरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. म्हणून प्रत्येक आदान न तपासता संभाव्य दोष गृहीत धरतात. एखादी तार कायम ० वर किंवा कायम १ वर अडकली आहे असे मानून, तो दोष बाह्य टोकाशी उघड करणारी नेमकी आदाने शोधतात. यासाठीची पहिली पद्धतशीर रीत जे. पॉल रॉथ यांनी १९६६ मध्ये दिली. प्रभू गोयल या भारतीय वंशाच्या अभियंत्याने १९८१ मध्ये तिच्याहून बरीच जलद रीत प्रसिद्ध केली. आतील स्मृतिकोश परीक्षणाच्या वेळी साखळीसारखे जोडून त्यांतील मूल्ये क्रमाने बाहेर काढण्याची युक्ती आयबीएम कंपनीत १९७७ च्या सुमारास पद्धतशीरपणे मांडली गेली. तिच्यासाठी चिपवरील थोडी जागा खर्ची पडते. पण ती न दिल्यास दोष दिसतच नाहीत.

शक्तिव्ययाच्या बाबतीत निर्णायक शोध म्हणजे फ्रँक वॉनलास यांनी १९६३ मध्ये मांडलेली सीमॉस रचना. तिच्यात मंडल स्थिर असताना प्रवाह जवळजवळ वाहत नाही. शक्ती मुख्यतः अवस्था बदलताना लागते. हा व्यय धारकता, विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. दाब ५ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर आणल्यास, इतर गोष्टी तशाच राहता, व्यय सुमारे १३ टक्क्यांवर येतो. मात्र घटक फार लहान झाल्यावर स्थिर अवस्थेतही प्रवाह पाझरू लागला आणि सु. २००५ नंतर केवळ आकार घटवून शक्ती वाचविण्याचा मार्ग खुंटला. तेव्हापासून काम नसलेल्या भागाचे घड्याळी स्पंद थांबविणे किंवा त्याचा पुरवठाच तोडणे, हे अभिकल्पाचे नित्याचे अंग बनले आहे.

मुंबई परिसरात इलेक्ट्रॉनिकीचा पाया मुख्यतः अणुऊर्जेच्या कार्यामुळे घातला गेला. ट्रॉम्बे येथील ‘अप्सरा’ (१९५६) या अणुभट्टीची नियंत्रण उपकरणे देशातच बनविण्यात आली. याच कार्यातून १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या दातिवऱ्याच्या उत्तरेस, पालघरच्याच किनाऱ्यावर, तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. त्या पिढीच्या अणुभट्ट्यांत संरक्षणाची तर्कमंडले रिलेंची असत. रिलेचे स्पर्शक घासून साफ करता येतात आणि त्याचे कार्य साध्या उपकरणांनी पडताळता येते. तारापूरचे ५४० मेगॅवॉटचे दोन संच २००५ व २००६ मध्ये सुरू झाले, तोवर नियंत्रण संगणकाधारित झाले होते.

येथे एक अडचण उद्भवते. चिपचे उत्पादन निर्माता काही वर्षांतच बंद करतो. अणुवीज केंद्र मात्र दशकानुदशके चालवावयाचे असते. तारापूरच्या पहिल्या संचांना २०१९ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. सुटे नग साठवून ठेवणे हा यावरील तात्पुरता उपाय होय. अभिकल्प वर्णनभाषेत लिहिलेला व स्वतःच्या ताब्यात असेल, तर तो नव्या प्रक्रियेवर पुन्हा घडविता येतो. हा अधिक टिकाऊ उपाय आहे. याखेरीज प्रारणामुळे सीमॉसच्या ऑक्साइड थरात विद्युत् भार साचून पाझर वाढतो. बाजारातील सामान्य चिप निवडताना हाही विचार करावा लागतो.

अभिकल्प हाती असला, तरी तो घडविण्याची सोय देशात हवी. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लि. या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये ५ मायक्रोमीटर प्रक्रियेचे उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी १९८९ मधील आगीने त्याची मोठी हानी झाली व देशाची मौल्यवान वर्षे गेली. दरम्यान टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगलोरला केंद्र काढले आणि अभिकल्पाचे काम भारतात, पण निर्मिती परदेशात, अशी विभागणी स्थिरावत गेली. १९९८ पासून केंद्र शासनाच्या मनुष्यबळ विकास कार्यक्रमाद्वारे पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेसह अनेक संस्थांना अभिकल्पाची व्यापारी साधने मिळाली. ही साधने बहुतांशी परदेशी कंपन्यांचीच होती.

पवईच्या संस्थेतील माधव देसाई यांच्या गटाने साधनांच्याही बाबतीत वेगळा प्रयत्न केला. आज्ञावलीच्या रूपातील वर्णनापासून मंडलाचे वर्णन तयार करणारा ‘अहीर’ हा साधनसंच त्यांनी विकसित केला. याच गटाचा ‘अजित’ हा ३२ बिटी सूक्ष्मप्रक्रियक मोहाली येथे १८० नॅनोमीटर प्रक्रियेने घडविण्यात आला व २०१९ मध्ये जाहीर झाला. तो अणुवीज केंद्रासाठी योजलेला नाही. १८० नॅनोमीटर ही प्रक्रियाही जगातील अग्रेसर कारखान्यांनी केव्हाच मागे टाकली आहे. तथापि नियंत्रणाच्या बहुतेक कामांना ती पुरेशी आहे. त्यानंतर याच संस्थेने मोहालीच्या प्रक्रियेसाठी एकदाच लिहिता येणारी ८ बिटी स्मृती विकसित केली. घडणीत पडणारा सूक्ष्म फरक चिप तयार झाल्यावर तिच्या साहाय्याने सुधारता येतो. तिच्यात सिलिकन डायऑक्साइडाचा अतिशय पातळ थर वापरल्यामुळे लिहिण्यासाठी दाब वाढविणारे वेगळे मंडल लागत नाही.