नाशिकचा प्लेग (१८९९) आणि मित्रमेळ्याचा उगम

नाशिक येथील मित्रमेळा ही संस्था १ जानेवारी १९०० रोजीं स्थापन झाली व पुढें १९०४ सालीं तिचें अभिनव भारतांत रूपांतर झालें. तिच्या राजकारणाचा विचार चरित्रकारांनीं विस्तारानें केला आहे. परंतु मेळ्याच्या मंडळींनीं प्लेगांत रोग्यांची केलेली शुश्रूषा व बेवारस प्रेतांस दिलेला खांदा यांचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यांतच आटोपलेला आढळतो. ज्या संबंधांवर हा मेळा उभा राहिला ते प्लेगांत घट्ट झाले होते, आणि या सेवेचें मूळ राजकारणापेक्षां जुन्या अशा एका धर्मभावनेंत होतें, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्लेगाचा पहिला रोगी मुंबईंत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्यान्वयें घरझडती, रोग्यास इस्पितळांत नेणें, त्याच्या घरच्यांस निराळ्या छावणींत ठेवणें, हे उपाय सुरू झाले. पुण्यांत त्यांच्या अंमलबजावणीचा शेवट २२ जून १८९७ च्या रँडवरील हल्ल्यांत कसा झाला, तें सर्वश्रुत आहे. या उपायांचा हेतु रोग आवरण्याचा होता याविषयीं शंका नाहीं. परंतु त्यांचा आघात जेथें झाला तें स्थान नीट ओळखिलें पाहिजे. रोग्याजवळ बसणें, प्रेतास चौघांनीं खांदा देणें, तिलांजलि, तेरा दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं समाचारास येणें, या चार गोष्टींनीं मरणाचें दुःख समाज वांटून घेत असे. साथीनें व साथीच्या नियमांनीं मिळून या चारही गोष्टी एकदम तोडल्या. लोक रोगी लपवीत, तें केवळ अज्ञानानें नव्हे. मरणाच्या भयाबरोबरच एकाकी मरणाचें भय त्यांस होतें.

लोकाचारांतही दोन धारा दिसतात. मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन रोग घालविण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजीं वध झाला. त्यांनीं जमविलेलीं लोकाचारांचीं टिपणें एन्थोव्हेन यांनीं पुढें दोन भागांत प्रसिद्ध केलीं, त्यांत अशा रोगनिवारक विधींची पुष्कळ माहिती आहे. शिवेपार गेलेला रोग पुढच्या गांवास जाई, म्हणून या विधींत आपला गांव व परका गांव हा भेद राही. दुसरी चाल, उंदीर पडूं लागतांच घर सोडून शेतांत झोपड्या घालून राहण्याची. उंदरांवरील पिसवांनीं रोग पसरतो असें सिमाँ यांनीं १८९८ सालीं दाखविलें. यावरून ही चाल किती शहाणपणाची होती तें कळतें.

नाशिकची स्थिति विशेष करुण होती. दूरदूरचे लोक आपल्या मृतांच्या अस्थि रामकुंडांत विसर्जन करण्यास येथें येतात. अशा क्षेत्रांत खुद्द रहिवाशांच्या प्रेतांस खांदेकरी मिळूं नयेत, हा प्रसंग क्षेत्रस्थांच्या मनास किती लागला असेल, याची कल्पना करतां येते.

आतां मुख्य प्रकरणाकडे येऊं. भगूर येथें दामोदरपंत सावरकर सप्टेंबर १८९९ मध्यें प्लेगानें वारले. त्यांच्या पत्नी राधाबाई पूर्वींच पटकीनें गेल्या होत्या. धाकटा मुलगा नारायण यास रोग लागला. प्लेग शिरलेल्या घरच्या माणसांस दार उघडण्यास आप्तही कचरत, अशा वेळीं बाबारावांचे नाशिकचे स्नेही रामभाऊ दातार यांनीं या कुटुंबास आपल्या घरीं नेलें. बाबाराव इस्पितळांत धाकट्या भावाची शुश्रूषा करीत राहिले व अखेर त्यांसही प्लेगानें गांठलें. येसूवहिनी व सोळा वर्षांचे विनायकराव दातारांच्या घरीं बातमीची वाट पाहत होतीं. सुदैवानें दोघेही भाऊ वांचले.

याच दिवसांत विनायकरावांचा म्हसकर व पागे या गृहस्थांशीं निकट स्नेह जमला. तिघांनीं नोव्हेंबर १८९९ च्या अखेरीस राष्ट्रभक्तसमूह ही गुप्त मंडळी काढिली व पुढें महिन्याभरांतच मित्रमेळा निघाला. तिळभांडेश्वराच्या आळींत राहणारे, पायांनीं पंगु असलेले गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे पुढचे कवि गोविंद, हेही त्यांत आले. सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी हा कालक्रम ध्यानांत घेतला म्हणजे मेळ्याचा पाया दातारांच्या उंबऱ्यावर घातला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. दातार हे भाऊबंद नव्हते. जें भाऊबंदांचें काम तें त्यांनीं केलें. पुढें मेळ्यानें परक्यांच्या प्रेतांस खांदा दिला, तो याच न्यायाचा विस्तार होय.

या न्यायास शास्त्राचा आधारही जुना आहे. अनाथ ब्राह्मणाचें प्रेत वाहणाऱ्यास पावलोपावलीं यज्ञाचें फल मिळतें, असें पराशरस्मृति सांगते. स्मृतीनें घातलेली वर्णाची मर्यादा उघड आहे. परंतु बेवारस प्रेत उचलणें हें अशौचाच्या भयाहून मोठें कर्तव्य, हा विचार परंपरेंतच होता. तरुणांनीं तो नवीन कारणीं लाविला.

येथें साधनांविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या प्रसंगांचा मुख्य आधार विनायकरावांच्या आठवणी हा असून त्या पुष्कळ वर्षांनीं लिहिलेल्या आहेत. पुढील कीर्तीचा प्रकाश मागील प्रसंगांवर पडतो, हा अशा लेखनाचा स्वभाव आहे. म्हणून भावनेच्या वर्णनापेक्षां कोण कोणाच्या घरीं राहिला, कोणी कोणाची शुश्रूषा केली, या साध्या गोष्टींवर अधिक भर द्यावा हें बरें.

२०२० सालच्या कोविदच्या साथींत तोच प्रश्न पुनः उभा राहिला. त्र्यंबकेश्वराहून पायीं जाणारी श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्या आषाढींत मोजक्या माणसांसह गाडीनें पंढरीस गेली. वारीचा नेम राहिला, सोबत मात्र तुटली. अनेक ठिकाणीं अंत्यविधि परक्या हातांनीं झाले. श्रद्धा मनुष्यास धीर देते, पण तो धीर टिकण्यास दुसऱ्या मनुष्याचा खांदा लागतो, हें १८९९ प्रमाणें तेव्हांही दिसून आलें.

अशा संबंधांचा पुरावा सरकारी दप्तरांत थोडा व घरगुती कागदांत अधिक असतो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यजमानांचीं गांवें, कुळें व येण्याचीं कारणें नोंदविण्याची परंपरा आहे. १८९७ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांच्या वह्या, तसेंच त्या काळचीं घरगुती पत्रें व जमाखर्चाचीं बाडें ज्या संग्राहकांपाशीं असतील, त्यांनीं तीं अर्वाचीन म्हणून उपेक्षूं नयेत. शिवकालीन कागद जितक्या आस्थेनें आपण जपतों, तितक्याच आस्थेनें तीं जपावीं व त्यांच्या नकला मंडळाकडे द्याव्या, अशी विनंती आहे.