किती तास चालेल? कोरड्या सेलच्या क्षमता-मापनाचा इतिहास

एकदा वापरून टाकून द्यायच्या अल्कलाइन सेलवर त्याचा विद्युत दाब, आकार आणि वापराची अंतिम मुदत छापलेली असते. मात्र त्यातून एकूण किती वीज मिळेल हा आकडा, म्हणजेच त्याची क्षमता, बहुधा आढळत नाही. पुन्हा भारित होणाऱ्या सेलवर हाच आकडा ठळकपणे मिरवला जात असल्यामुळे ग्राहकाला ही लपवाछपवी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिचे मूळ व्यापारी धूर्ततेपेक्षा सेलच्या रसायनात आणि ते रसायन तपासण्याच्या, गेल्या सव्वाशे वर्षांत घडत गेलेल्या पद्धतींत शोधावे लागते.

फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने १८६६ मध्ये ज्या विद्युतघटाचे पेटंट घेतले, त्यात जस्त, मँगॅनीज डाय-ऑक्साइड आणि नवसागराचे द्रावण यांचा उपयोग केलेला होता. काचेच्या बरणीतला हा ओला घट तारायंत्रांच्या कचेऱ्यांत चांगला चालला, पण हलवताना सांडत असे. जर्मनीतील कार्ल गासनर याने १८८६ च्या सुमारास द्रावणाऐवजी प्लास्टर मिसळलेला लगदा वापरून आणि जस्ताचेच डबडे करून तो ‘कोरडा’ केला. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील नॅशनल कार्बन कंपनीने १८९६ पासून ‘कोलंबिया’ या नावाने सहा इंच उंचीचा असा सेल विकण्यास आरंभ केला आणि टेलिफोनच्या प्रसाराबरोबर त्याचा खप वाढत गेला.

या सेलचा एक गुणधर्म पुढच्या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे. सेलमधून प्रवाह वाहू लागला की आतल्या कार्बनच्या कांडीभोवती घडणाऱ्या क्रियेची उत्पादिते साचतात आणि दाब उतरतो. मँगॅनीज डाय-ऑक्साइड हा अडथळा दूर करते, पण सावकाश. त्यामुळे सेलला मध्येमध्ये विश्रांती मिळाली तर तो सावरतो, आणि सलग राबवला तर आतले बरेचसे रसायन न वापरताच मान टाकतो. (मंद झालेल्या टॉर्चचे सेल काढून उन्हात ठेवण्याची महाराष्ट्रातील घरोघरची जुनी रीत अगदीच निराधार नव्हती, कारण उष्णतेने या क्रियांना वेग येतो; मात्र संपलेले जस्त उन्हाने परत येत नाही.) जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट याने १८९७ मध्ये शिसे-आम्ल घटांबाबत दाखवून दिले होते की, जितका प्रवाह मोठा तितकी हाती लागणारी एकूण वीज कमी. कोरड्या सेलच्या बाबतीत या नियमाला विश्रांतीचा हिशेबही जोडावा लागला.

विक्रेत्यांना मात्र झटपट कसोटी हवी होती. सेलची दोन्ही टोके अँपिअरमापकाने क्षणभर थेट जोडायची आणि काटा किती उडतो ते पाहायचे, ही पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वत्र रूढ होती, आणि ताजा सहा-इंची सेल या चाचणीत तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह दाखवत असे. ही चाचणी सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलमधील घटकांकडूनच प्रवाहाला होणारा अटकाव, किती कमी आहे एवढेच सांगते. साठा किती आहे याविषयी ती जवळजवळ मूक असते. मिश्रणात कार्बन वाढवून रोध घटवला की काटा अधिक उडे, पण तेवढ्याच डबड्यात मँगॅनीज डाय-ऑक्साइडला जागा कमी उरे. अर्थात दुकानात सरस ठरलेला सेल घरी आधी संपण्याची शक्यता असे. शिवाय चाचणीच स्वतः सेलमधली थोडी वीज खात असे, हा भाग वेगळाच.

या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी अमेरिकन इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीने नेमलेल्या समितीने १९१२ मध्ये कोरड्या सेलच्या चाचण्यांविषयी अहवाल दिला. सेलची एकच एक क्षमता सांगण्याचा हट्ट सोडून तो ज्या कामासाठी वापरला जाणार त्या कामाची नक्कल करावी, हा त्या अहवालाचा खरा वारसा होय. टेलिफोनवर माणूस थोडा वेळ बोलतो आणि मग यंत्र बराच वेळ गप्प राहते, म्हणून टेलिफोनच्या चाचणीत ठराविक रोधातून अल्पकाळ प्रवाह आणि मग दीर्घ विश्रांती. एंजिनात ठिणगी पाडण्याचे काम जड, म्हणून तेथे प्रवाह मोठा आणि सत्रे लांब. प्रत्येक चाचणीला एक अंतिम दाबही ठरवून देण्यात आला, कारण सेल कधी एका क्षणी ‘संपत’ नाही, तो उतरत जातो, आणि उपकरण ज्या दाबाखाली चालेनासे होते तोच त्या उपकरणापुरता सेलचा अंत असतो. पहिल्या महायुद्धात सैन्याला लागणाऱ्या बॅटऱ्यांमुळे आकारांच्या प्रमाणीकरणाची निकड वाढली, आणि १९१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने आपल्या ७९ क्रमांकाच्या परिपत्रकात कोरड्या सेलचे गुणधर्म व त्यांच्या चाचण्या एकत्र मांडल्या.

अशा निष्कर्षांना बाजाराचा विरोध किती तीव्र असू शकतो, हे पुढे शिसे-आम्ल बॅटरीच्या एका प्रकरणात दिसले. ‘एडी-एक्स२’ या पुडीने जुन्या बॅटरीला नवे आयुष्य मिळते हा दावा याच संस्थेने चाचण्यांवरून फेटाळला, तेव्हा १९५३ मध्ये तिचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच राजीनामा देण्यास भाग पाडण्यात आले. देशभरातील शास्त्रज्ञांनी निषेध केल्यावर त्यांना परत घेण्यात आले, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने संस्थेचे निष्कर्ष योग्य ठरवले.

जस्त-कार्बन सेलचे आयुष्य वाढवण्याच्या कामासाठी कॅनडाचे अभियंता लुईस उरी यांना १९५५ मध्ये क्लीव्हलंडजवळच्या पार्मा येथील प्रयोगशाळेत पाठवण्यात आले. जुन्या सेलची डागडुजी करण्यापेक्षा त्यांनी नवसागराच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्कली घेतला आणि जस्ताच्या डबड्याऐवजी जस्ताची पूड वापरली. पुडीमुळे क्रियेला मिळणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढला. वरिष्ठांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी एका खेळण्यातल्या गाडीत जुना आणि दुसरीत नवा सेल घालून दोन्ही गाड्या कारखान्याच्या उपाहारगृहात सोडल्या: एक लवकरच थबकली, दुसरी पाहणारे कंटाळले तरी धावत राहिली. या सेलच्या पेटंटसाठी १९५७ मध्ये अर्ज करण्यात आला, १९५९ मध्ये तो बाजारात आला आणि १९६० मध्ये पेटंट मंजूर झाले. प्रात्यक्षिक म्हणून हा प्रसंग अव्वल होता, पण कसोटी म्हणून तो एकतर्फी होता, कारण खेळण्याची मोटर सलग आणि मोठा प्रवाह ओढते आणि नेमक्या याच कामात जस्त-कार्बन सेल सर्वांत दुबळा ठरतो. १९७३ मध्ये ड्युरासेलच्या जाहिरातीत ढोल वाजवणारा गुलाबी ससा अवतरला तेव्हाही स्पर्धा साध्या जस्त-कार्बन सेलशीच होती. दोन अल्कलाइन सेलमधला किरकोळ फरक दाखवण्यास असा ससा उपयोगाचा नव्हता.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९५७ मध्ये प्राथमिक, म्हणजे पुन्हा भारित न होणाऱ्या, सेलविषयीचे आपले मानक प्रथम प्रसिद्ध केले आणि उपकरणे बदलत गेली तशा त्यातील चाचण्याही बदलल्या. पेन्सिल सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकाराच्या अल्कलाइन सेलला रेडिओसाठी ४३ ओहम रोधातून रोज चार तास ०.९ व्होल्टपर्यंत, तर खेळण्यासाठी ३.९ ओहममधून रोज एक तास ०.८ व्होल्टपर्यंत तपासण्याची पद्धत रूढ झाली. डिजिटल कॅमेऱ्यासाठी १५०० मिलिवॉटचा दोन सेकंदांचा आणि ६५० मिलिवॉटचा अठ्ठावीस सेकंदांचा भार आलटून पालटून, तासातली पाच मिनिटे देण्यात येतो आणि १.०५ व्होल्टला चाचणी थांबते. याच सेलमधून २५ मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास सुमारे ३००० मिलिअँपिअर-तास मिळतात, तर ५०० मिलिअँपिअर घेतल्यास हा आकडा निम्म्यावर येतो. मग वेष्टनावर कोणता छापावा, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही.

भारतात आजही जस्त-कार्बन सेलचाच खप मोठा आहे, आणि भिंतीवरचे घड्याळ किंवा रिमोट यांसाठी ती निवड चुकीची म्हणता येत नाही. सलग मोठा प्रवाह ओढणाऱ्या उपकरणात मात्र अल्कलाइन सेलच्या जादा किमतीची भरपाई होते. दोन कंपन्यांच्या अल्कलाइन सेलची तुलना करताना भार, तापमान, विश्रांतीचे वेळापत्रक, अंतिम दाब आणि सेल किती जुने आहेत यांपैकी एखादी बाबही सांगितलेली नसेल, तर वाचकाने त्या तुलनेवर विश्वास ठेवू नये.